मंत्रिमंडळाचे काम आणि आपला शेजारधर्म

(ज्येष्ठ सभासदांच्या मासिक सभेत झालेले भाषण)



मागच्या सभेत मदतनिधीचा हिशेब वाचून झाल्यावर एका आजोबांनी प्रश्न केला होता. "निधीतून शिधा जातो, तो फक्त आपल्याच लोकांना का देऊ नये? आपल्यात गरजू कमी आहेत का? घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, असं व्हायला नको." सगळे हसले, पण प्रश्न खरा आहे. निधी लहान आहे आणि मागणारे वाढत आहेत. विश्वस्तांनी मला यावर चार शब्द बोलायला सांगितले. उत्तराकडे येण्याआधी मी तुम्हाला या देशाच्या एका जुन्या मंत्रिमंडळाची गोष्ट सांगतो.

साल १९५९. सिंगापूर तेव्हा स्वतंत्र नव्हते. ब्रिटिशांनी घरचा कारभार इथल्या लोकांच्या हाती दिला होता. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार मात्र स्वतःकडे ठेवले होते. अंतर्गत सुरक्षेसाठी सात जणांची एक परिषद होती. तीत तीन सिंगापूरचे, तीन ब्रिटनचे आणि एक मलायाचा प्रतिनिधी. म्हणजे दंगल झाली तर काय करायचे, हेसुद्धा एकट्या मंत्रिमंडळाच्या हातात नव्हते.

३० मे १९५९ च्या निवडणुकीत पीपल्स ॲक्शन पार्टीला ५१ पैकी ४३ जागा मिळाल्या. ५ जूनला ली क्वान यू यांच्यासह नऊ मंत्र्यांनी शपथ घेतली. समोर काय होते? दाट झोपड्या, बेकारी, आणि एकमेकांकडे संशयाने पाहणारे लोक. १९५० साली मारिया हर्टोग या मुलीच्या ताब्यावरून झालेल्या दंगलीत १८ माणसे गेली होती. ती आठवण ताजी होती. चिनी, मलय, तमिळ, इंग्रजी शिकलेले, न शिकलेले, प्रत्येकाची शाळा वेगळी, वस्ती वेगळी, वर्तमानपत्र वेगळे.

ज्या मंत्रिमंडळाकडे सैन्य नाही, परराष्ट्र खाते नाही, त्याने माणसे जोडायची कशी? त्यांनी काय केले ते पाहा. एक स्वतंत्र सांस्कृतिक खाते काढले आणि ते एस. राजरत्नम यांच्याकडे दिले. हे मूळचे जाफन्याचे तमिळ, पेशाने पत्रकार. त्या खात्याने मोकळ्या मैदानात जनतेसाठी कार्यक्रम भरवले. एकाच रंगमंचावर मलय नाच, चिनी गाणे, भारतीय नृत्य. ३ डिसेंबर १९५९ ला नवा ध्वज, राजचिन्ह आणि झुबिर सैद यांनी रचलेले राष्ट्रगीत लोकांसमोर आले. राष्ट्रगीत मलय भाषेतले, आणि ते आजही तसेच आहे.

पुढच्याच वर्षी, १ फेब्रुवारी १९६० ला गृहनिर्माण मंडळ आले, ज्याला आपण सगळे एचडीबी म्हणतो. १ जुलैला पीपल्स असोसिएशन स्थापन झाली. आज आपण ज्या कम्युनिटी क्लबमध्ये योगासनांना जातो, तो त्याच झाडाची फांदी. पहिल्या पाच वर्षांत मंडळाने पन्नास हजारांहून अधिक घरे बांधली.

एवढे करूनही १९६४ साल आले. २१ जुलैला, पैगंबर जयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी, चिनी आणि मलय लोकांत दंगल उसळली. २३ जण मेले, ४५४ जखमी झाले. सप्टेंबरमध्ये पुन्हा भडका उडाला, आणखी १३ गेले. आपल्यापैकी ज्यांचे बालपण इथेच गेले, त्यांना संचारबंदीचे ते दिवस आठवत असतील. दंगलीनंतर प्रत्येक मतदारसंघात सद्भावना समित्या बसल्या. वस्तीतली जाणती माणसे घरोघर फिरून अफवा खोट्या पाडत होती. मंत्री प्रत्येक दारात पोहोचू शकत नव्हते. तिथे शेजारीच पोहोचला.

त्यानंतर सरकारने बरेच कायदे केले. १९८९ पासून प्रत्येक ब्लॉकमध्ये कोणत्या समाजाची किती घरे असावीत याची मर्यादा ठरली. त्याची झळही बसते. चिनी कोटा भरला असेल तर भारतीय मालकाला चिनी ग्राहकाला घर विकता येत नाही, गिऱ्हाइके कमी होतात, भाव उतरतो. पण त्याच मर्यादेमुळे आपल्या मजल्यावर एका बाजूला मलय आजी आणि दुसऱ्या बाजूला चिनी काका राहतात. १९९० मध्ये धार्मिक सलोख्याचा कायदा झाला. २०२५ च्या फेब्रुवारीत संसदेने वांशिक सलोख्याचाही कायदा मंजूर केला. चूक फार गंभीर नसेल, तर खटल्याऐवजी दुखावलेल्या समाजाला समजून घेऊन नाते दुरुस्त करण्याची संधी त्यात आहे. ही तरतूद मला फार मोलाची वाटते.

पण कायदा भिंतीला भिंत लावून देतो. दार उघडायचे की नाही, ते आपणच ठरवतो.

वॉटर्लू स्ट्रीटवर चिनी लोकांचे क्वान इम मंदिर आणि श्रीकृष्ण मंदिर शेजारी शेजारी आहेत. क्वान इमचे दर्शन घेऊन चिनी भाविक कृष्णाच्या दाराशीही थांबतात, उदबत्ती लावतात. हे कोणत्याही मंत्रिमंडळाच्या ठरावाने झालेले नाही.

आता आजोबांच्या प्रश्नाकडे. आपल्या माणसांना आधी पाहावे, यात गैर काही नाही. या देशातही समाजवार मदत संस्था आहेत: मलय-मुस्लिमांसाठी मेंदाकी, भारतीयांसाठी सिंडा, चिनी समाजासाठी सीडीएसी. पण एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचे दार दोन दिवस उघडले नाही, तर ते पहिल्यांदा कोणाच्या लक्षात येते? मुलगा लंडनला असतो, पुतण्या पुण्याला. लक्षात येते ते समोरच्या घरातल्या माणसाच्या. तो मलय असेल, चिनी असेल. उद्या आपले दार ठोठावणारा तोच असेल, तर आज त्याच्या दारावरून आपली शिध्याची पिशवी पुढे न्यायची का?

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की माप गरजेचे असावे, आडनावाचे नको. ज्या ब्लॉकमध्ये आपले स्वयंसेवक सभासदाकडे शिधा नेतात, तिथे त्याच मजल्यावर कोणी तितकेच अडलेले असेल, तर त्याचीही पिशवी भरावी. मुस्लिम घरी काय चालेल ते आधी विचारून घ्यावे. आपण दर सभेच्या शेवटी पसायदान म्हणतो. त्यातले मागणे कुठल्या एका ज्ञातीसाठी नाही, सगळ्या भूतमात्रांसाठी आहे.

पैशाचा प्रश्न उरतोच. त्यासाठी तीन विनंत्या. वाढदिवसाला किंवा श्राद्धतिथीला प्रसाद ठेवताना त्यातला काही भाग मदतनिधीच्या पेटीत टाका. ज्यांना पैसे देणे शक्य नाही, त्यांनी महिन्यातून एकदा एखाद्या एकट्या वृद्धासोबत पॉलिक्लिनिकला जावे. आणि जे घराबाहेर पडू शकत नाहीत, त्यांनी शेजारच्या घराची एवढीच विचारपूस करावी: आज जेवलात का? नावनोंदणी कार्यालयात सुरू आहे.

त्या नऊ मंत्र्यांच्या हाती सगळी सत्ता नव्हती, तरी जे हातात होते ते त्यांनी केले. आपल्याही हातात थोडेच आहे. तेवढे करूया.