नादारीतील अपील आणि उलटलेली मुदत

सुरतेतील कापडाचा आणि हिऱ्यांचा बराचसा व्यवहार उधारीवर चालत असल्यामुळे एक व्यापारी बुडाला की अनेक धनकोंचे, म्हणजे येणेकऱ्यांचे, पैसे अडकतात. नादारीच्या प्रकरणात निकाल विरुद्ध गेला आणि अपिलाची मुदतही उलटली, तर मार्ग उरतो की नाही, हे प्रकरण कोणत्या कायद्याखाली चालले यावर अवलंबून असते; कारण एकाच बाजारात बुडालेल्या दोन आसामींना दोन वेगळे कायदे लागू होऊ शकतात.

ऋणको, म्हणजे देणेकरी, स्वतःच्या नावाने किंवा भागीदारीत धंदा करणारा असेल, तर सुरतेत अद्याप 1920 चा प्रांतिक नादारी अधिनियम लागू होतो आणि प्रकरण सामान्यतः जिल्हा न्यायालयात चालते. त्या अधिनियमाच्या कलम 75 नुसार दुय्यम न्यायालयाच्या आदेशावर जिल्हा न्यायालयात 30 दिवसांत, तर जिल्हा न्यायालयाच्या आदेशावर उच्च न्यायालयात 90 दिवसांत अपील करावे लागते. जिल्हा न्यायालयाच्या काही आदेशांवर थेट अपील करता येते, तर इतर आदेशांसाठी आधी अपिलाची परवानगी घ्यावी लागते. ही परवानगी आणि विलंबमाफी, म्हणजे उशीर माफ करून अपील दाखल करून घेणे, या दोन स्वतंत्र बाबी असून एक मिळाली म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही.

या अधिनियमाच्या कलम 78 ने मुदत कायद्याचे कलम 5 नादारीच्या अपिलांना लागू केले आहे. त्यामुळे वेळेत न येण्यास ‘पुरेसे कारण’ होते असे पटल्यास न्यायालय विलंब माफ करू शकते आणि त्या विलंबाला दिवसांची कमाल मर्यादा घातलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये या शब्दांचा अर्थ उदारपणे लावावा असे सांगितले. मात्र उदारता सबबीला नव्हे, तर खऱ्या अडचणीला मिळते.

ऋणको कंपनी असेल, किंवा तिच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेला असेल, तर 2016 ची नादारी व दिवाळखोरी संहिता लागू होते. सुरतेत नोंदणी असलेल्या कंपनीचे प्रकरण राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या अहमदाबाद पीठापुढे आणि अपील दिल्लीतील अपील न्यायाधिकरणापुढे जाते. येथे अपिलाची मुदत 30 दिवसांची असून पुरेसे कारण दाखवल्यास जास्तीत जास्त आणखी 15 दिवस मिळतात. हजीऱ्याच्या एस्सार स्टीलचे प्रकरण 2 ऑगस्ट 2017 रोजी दाखल करून घेतले गेले आणि सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय 15 नोव्हेंबर 2019 रोजी आला, तर संहितेने सुरुवातीला घातलेली मर्यादा वाढीव मुदतीसह 270 दिवसांची होती. वाद लांबला की कामगार, बँका आणि लहान पुरवठादार सारेच ताटकळतात, म्हणून येथे मुदत कठोर ठेवली आहे. पंचेचाळिसाव्या दिवसानंतर कारण कितीही खरे असले तरी अपील न्यायाधिकरणाला उशीर माफ करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2021 मध्ये 44 दिवसांचा विलंब माफ करण्यास नकार दिला, तो याच कारणाने.

म्हणून दिवस कसे मोजतात हे जाणणे महत्त्वाचे ठरते. आदेशाचा दिवस धरला जात नाही आणि प्रमाणित प्रत, म्हणजे न्यायाधिकरणाच्या शिक्क्याची नक्कल, मिळवण्यात गेलेले दिवस वगळले जातात. पण ही वजावट नकलेसाठी मुदतीत अर्ज करणाऱ्यालाच मिळते. 22 ऑक्टोबर 2021 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, खुल्या न्यायाधिकरणात जाहीर झालेल्या आदेशाची मुदत जाहीर झाल्यापासून मोजली जाते आणि विनामूल्य प्रतीची वाट पाहणाऱ्याला ती वाढवून मिळत नाही.

तेव्हा आदेश ऐकला त्याच दिवशी नकलेसाठी अर्ज करावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. उशीर झालाच, तर अपिलासोबत विलंबमाफीचा अर्ज आणि शपथपत्र जोडावे, त्यात घडलेल्या गोष्टी तारखांच्या क्रमाने सांगाव्यात आणि आजारपणाचे कारण असल्यास रुग्णालयाचे कागद लावावेत. वकिलाची फी जमेपर्यंत थांबणाऱ्या लहान यंत्रमागधारकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आपण मोफत साहाय्याला पात्र आहोत का, याची तातडीने चौकशी करावी. कारण येणे कितीही खरे असले, तरी मुदत गेल्यावर ते मांडण्याची जागाच हातची जाऊ शकते.