ऐकणे, वाचणे आणि समजणे
(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



वर्षावासात आपल्या विहारात रोज सायंकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. या वेळी दोघांच्याही मनात काय घडते, हा आजचा विषय. आम्ही मानसशास्त्राचे तज्ज्ञ नव्हे. बँकेत कारकुनी करणारे, कला शाखेचे पदवीधर आहोत. परंतु एका प्रसंगाने आम्हास या विषयाचा विचार करावयास लावले.

एक वृद्ध आई निवृत्तिवेतनाचे पत्र घेऊन आमच्या खिडकीशी आल्या. त्यांना वाचता येत नव्हते. मागे रांग मोठी. आम्ही घाईने वाचले, ‘आपण विहित मुदतीत हयातीचा दाखला सादर न केल्यास आपले निवृत्तिवेतन स्थगित करण्यात येईल याची नोंद घ्यावी.’ त्या नुसत्या पाहत राहिल्या. ‘अडाणी आहेत’ असे कोणीतरी पुटपुटले आणि खरे सांगावयाचे तर आमच्याही मनात तेच आले. मग आम्ही सांगितले, ‘आई, हे पेन्शनचं पत्र आहे. हयातीचा दाखला मागितलाय. तो दिला नाही तर पेन्शन थांबेल.’ त्या लगेच म्हणाल्या, ‘भाऊ, दाखला तर म्या गेल्या आठवड्यातच दिलाय. ह्या कागदावर तारीख कोणती हाय?’ तारीख पाहिली, तर पत्र दाखल्याच्या आधीचे होते! आम्ही पदवीधर, पण तारीख पाहण्याचे आम्हास सुचले नव्हते. दोष त्यांच्या समजेचा नव्हता, आमच्या वाचनाचा होता.

असे का झाले? बोललेला शब्द क्षणात विरून जातो. तो मनाला तात्पुरता धरून ठेवावा लागतो, आणि ही जागा फार लहान असते. जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1956 साली ती सुमारे सात गोष्टींची मानली. पुढील संशोधन तर चारच्या आसपास सांगते. आपल्या मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येते. ‘त्याने पान...’ एवढे ऐकून काय कळणार? उलटले, खाल्ले की वाढले, हे येईपर्यंत मन अंदाज बांधत असते. सरकारी वाक्यात तर तीन-तीन गोष्टी लोंबकळत ठेवून शेवटी क्रियापद येते. तोवर आरंभ निसटून जातो.

मन नुसते ग्रहण करीत नाही, ते भरही घालते. 1970 साली रिचर्ड वॉरन यांनी एका वाक्यातील एक ध्वनी काढून तेथे खोकल्याचा आवाज घातला. ऐकणाऱ्या जवळजवळ सर्वांना तो नसलेला ध्वनी ऐकू आला! 1972 साली ब्रॅन्सफोर्ड व जॉन्सन यांनी कपडे धुण्याविषयीचा एक उतारा मुद्दाम मोघम शब्दांत लिहून ऐकवला. विषय आधी सांगितला, त्यांना तो चांगला समजला. ऐकून झाल्यावर सांगितला, त्यांना फारसा उपयोग झाला नाही. ‘हे पेन्शनचं पत्र आहे’ एवढ्या चार शब्दांनी त्या आईंना हीच मदत केली.

आता वाचन. डोळा ओळीवरून सरळ घसरत नाही. तो उड्या मारतो आणि प्रत्येक थांब्यावर सेकंदाचा साधारण पाव भाग स्थिरावतो. न कळल्यास मागे जातो. वाचणाऱ्याला ही मोठी सोय आहे, ऐकणाऱ्याला ती नाही. मात्र अक्षरे जुळवण्यातच सारे लक्ष खर्च झाले, तर अर्थासाठी काही उरत नाही. गफ व टनमर यांनी 1986 साली असे मांडले की, वाचून समजणे म्हणजे अक्षरे उलगडणे गुणिले ऐकून समजणे. गुणाकारात एक बाजू शून्य, तर उत्तर शून्य! विद्यार्थी मित्रहो, अडखळत वाचणारे मूल ‘मठ्ठ’ नसते. त्याला तोच धडा वाचून दाखवा आणि प्रश्न विचारा. उत्तर आले, तर समज शाबूत आहे, सराव तेवढा कमी आहे. उलट खडाखडा वाचून अर्थ न सांगता येणाऱ्यानेही शहाणपणाचा तोरा मिरवू नये.

आपल्या परंपरेला हे नवीन नाही. बुद्धवचन कित्येक पिढ्या भाणकांनी मुखोद्गत ठेवले, इ. स. पूर्व पहिल्या शतकात सिंहलद्वीपात ते लिहिले गेले, असे परंपरा सांगते. सुत्तांतील पुनरुक्ती वाचताना कंटाळवाणी वाटते, पण कानाला तीच आधार देते. बाबासाहेबांच्या ग्रंथातही लहान लहान परिच्छेदांना क्रमांक आहेत. वाचणाऱ्याला तेथे थांबता येते. धम्मात प्रज्ञा तीन प्रकारची सांगितली आहे: सुतमया, चिंतामया आणि भावनामया. पहिली ऐकण्याची. लेखणी ज्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या येऊ दिली नाही, त्या आपल्या आजी-आजोबांनी याच वाटेने धम्म समजून घेतला. त्यांना अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

म्हणून विहारात वाचणाऱ्या तरुणांना आमची विनंती आहे. आज काय वाचणार, ते आधी दोन वाक्यांत सांगा. प्रत्येक क्रमांकापाशी थांबा. लांब वाक्य तोडून पुन्हा सांगा. शेवटी ‘समजले का?’ असे विचारू नका, कारण त्यास सारेच मान डोलावतात. ‘काय समजले?’ असे विचारा आणि उत्तर ऐकून घ्या. शब्द लवकर विसरतात, अर्थ मागे राहतो. तो अर्थ पोचला की नाही, हे पाहणे वाचणाऱ्याचे काम आहे.

त्या आईंनी तारीख विचारली, तेव्हापासून आम्ही प्रत्येक पत्राची तारीख आधी वाचतो. 

जय भीम! भवतु सब्ब मंगलम्!