धुऱ्यावर जळते ती आपलीच जमीन



आपण कापूस विकतो म्हणजे काय विकतो? सरकी वेगळी केली की उरलेल्या रुईत शंभरातले नव्वदहून अधिक भाग एकच पदार्थ असतो. त्याचे नाव सेल्युलोज. १८३८ साली आन्सेल्म पायेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने तो ओळखला. साखरेच्या हजारो कणांची सरळ साखळी म्हणजे सेल्युलोज. झाडाच्या पेशीपेशीची भिंत त्याची. त्याच्याच बळावर पऱ्हाटी उभी राहते, ज्वारीचे ताट उभे राहते.

ज्वारीचे पीठ आणि कडबा एकाच साखरेचे. जोडणी तेवढी वेगळी. पिठातली जोडणी आपले पोट सोडवते, कडब्यातली सोडवू शकत नाही. बैलाच्या पोटातले सूक्ष्म जीव ती सोडवतात, म्हणून बैल कडब्यावर वखर ओढतो.

हा माल घडतो हवेतला कार्बन, पाणी आणि ऊन यांतून. रुई बाजारात जाते, पऱ्हाटी मात्र आपल्याकडे राहते. आणि तीच आपण धुऱ्यावर नेऊन पेटवतो! कार्बन गेला, नत्र गेले, हाती राख.

कोणी म्हणेल, साहेब, बोंडअळीचे काय? प्रश्न रास्त आहे. २०१७ चा हंगाम विदर्भ विसरलेला नाही. उभ्या पऱ्हाटीत आणि रचलेल्या ढिगात, राहिलेल्या बोंडांमध्ये गुलाबी अळी दडून बसते. म्हणून फरदड घेऊ नका. वेचणी संपताच पऱ्हाटी उपटा. चुलीपुरती ठेवाल तिची बोंडे झोडून घ्या; जाळायची तर ती बोंडे जाळा. बाकीची यंत्राने बारीक करा, शेणकाला शिंपडा, ओल ठेवा, खड्ड्यात कुजवा.

कच्चा भुसा मात्र पेरणीच्या तोंडावर जमिनीत गाडू नका. तो कुजवताना सूक्ष्म जीव पिकाच्या वाट्याचे नत्र उचलतात आणि पीक पिवळे पडते. आधी कुजवा, मग शेतात टाका.

कोरडवाहू जमिनीत पावसाच्या दोन सरींमधला खंड पीक कशावर काढते? जमिनीने धरलेल्या ओलीवर. ती ओल धरायला कुजलेला काडीकचरा लागतो. तो विकत आणायची आपली ऐपत नाही, आणि गरजही नाही.

बारीक करायचे यंत्र एकट्याला परवडत नाही. गावाने मिळून भाड्याने आणावे लागेल. आम्ही गावोगाव सांगत फिरू. पण या बैठकीतून उठण्याआधी प्रत्येक गावाने दोन गोष्टी ठरवाव्यात : यंत्र कोण आणणार आणि कोणत्या तारखेला.