सुनेकडे बोट दाखविण्यापूर्वीं

पोराचे सांधे ठणकूं लागले, डोळे पिवळे दिसूं लागले, कीं सासू म्हणते, सून आजार घेऊन आली. आम्ही विदर्भांतले, सिकलसेल आम्हांस नवा नाहीं. पण हें बोलणें खोटें आहे.

रक्ताच्या या गुणाचीं बीजें प्रत्येकाजवळ दोन. एक आईचें, एक बापाचें. दोन्ही सदोष आलीं तरच पोर आजारी होतें. म्हणजे सासूबाई, तुमच्या लेकाचाही त्यांत वाटा आहेच. एकच सदोष असेल तो वाहक. तो नांगर धरतो, घण मारतो, त्याला पत्ताही नसतो. अमेरिकेंत जेम्स नील यांनीं १९४९ सालीं हें दाखवून दिलें.

दोघेही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणीं चार वाट्यांपैकीं एक आजाराचा, दोन वाहकाचे, एक निर्दोषाचा. कित्येक म्हणतात, एक पोर आजारी निघालें, आतां पुढचीं तीन सुटलीं! अहो, कवड्यांना मागचें दान आठवतें काय?

एक वाहक व दुसरा निर्दोष असेल तर मूल आजारी होत नाहीं, फार तर वाहक होतें. मग पत्रिकेचे छत्तीस गुण जुळविणारांनीं सोयरीक ठरण्याआधीं दोघांचें रक्त कां तपासूं नये? सरकारी दवाखान्यांत तपासतात. शाळेंत तपासणीला माणसें येतील त्या दिवशीं तरी पोरांना कापूस वेंचायला नेऊं नका.