कबरस्तानाचा नकार

हिंसक अतिरेक, म्हणजे आपले मत शस्त्राच्या बळावर इतरांवर लादणे, रोखण्याचे काम पोलिसांचे मानले जाते. परंतु अतिरेकी आपल्या कृत्याला धर्माचे नाव देतो तेव्हा ते नाव काढून घेण्याचा अधिकार पोलिसांकडे नसतो, तो त्या धर्मातील जाणत्यांकडेच असतो.

26 नोव्हेंबर 2008 रोजी मुंबईवर सुरू झालेल्या हल्ल्यात 166 जणांचे प्राण गेले आणि दहा हल्लेखोरांपैकी नऊ मारले गेले. त्या नऊ प्रेतांना मरीन लाइन्सच्या बडा कबरस्तानात जागा देण्यास तेथील व्यवस्था पाहणाऱ्या जामा मशीद ट्रस्टने नकार दिला. निरपराधांना मारणारे मुसलमान असूच शकत नाहीत, अशी ट्रस्टची भूमिका होती. या नकाराचे वजन कळण्यासाठी ‘फर्ज-ए-किफाया’ ही संज्ञा समजून घ्यावी लागते. हे साऱ्या समाजावर मिळून असलेले कर्तव्य होय. काहींनी ते पार पाडले की इतर मोकळे होतात, कोणीच पाडले नाही तर दोष सर्वांना लागतो, आणि मृताला स्नान, कफन, जनाज्याची नमाज व दफन ही कर्तव्ये याच प्रकारात मोडतात. बेवारस प्रेतालाही माती देणाऱ्या समाजाने येथे हात आखडता घेतला, यात फार मोठे धैर्य होते. 9 डिसेंबरच्या बकरी ईदला अनेक मुसलमानांनी हल्ल्याच्या निषेधार्थ दंडावर काळ्या फिती बांधल्या. ती प्रेते जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात वर्षाहून अधिक काळ पडून राहिली आणि जानेवारी 2010 मध्ये शासनाने ती गुपचूप पुरली.

मात्र हा नकार हत्याकांडानंतरचा होता; तरुणांना वाट चुकण्याआधीच अडवणे गरजेचे असते. 2014 साली कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंसोबत इराकला जाऊन अतिरेक्यांना मिळाले. पुढे राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने वाट चुकू लागलेल्या मुलांना समजावण्यासाठी मौलवींचे साहाय्य घेतले, आणि हीच खरी वेळेवरची मदत होय.

पैनगंगेकाठच्या झरी जामणी तालुक्याला मुंबई दूरची वाटेल, पण मोबाइलवरून येणाऱ्या चिथावणीला अंतर नसते. कोलाम पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीत, पूजाविधी करणारा घट्या, मशिदीतील इमाम आणि सप्ताहातील कीर्तनकार यांचा शब्द घराघरांत मानला जातो. हिंसेला धर्माचे नाव नाकारणारा तो शब्द त्यांनी पोडाच्या बैठकीत, शुक्रवारच्या खुतब्यात (प्रवचनात) आणि सप्ताहाच्या मांडवात, कोणाच्याही दारात प्रेत येण्यापूर्वी, स्पष्टपणे उच्चारावा.