मुक्काम पोस्ट बेचिराख



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत आपणही एक पुष्प गुंफावे, अशी कार्यवाहांची आज्ञा झाली तेव्हा आम्ही संकोचलो. आम्ही ना संशोधक, ना साहित्यिक. पदवी साधी बी. ए. ची आणि उभे आयुष्य केंद्र सरकारच्या फायलींत गेलेले. परंतु फायलींनीच आम्हांस एक छंद लावला. नाहीशी झालेली खेडी आणि त्यांच्याबरोबर बंद पडलेली डाकघरे यांचा माग काढण्याचा तो छंद होय.

प्रथम शब्दाविषयी. महसुली दप्तरात ओसाड गावापुढे ‘बेचिराख’ असा शेरा असतो. मूळ फारसी शब्द ‘बे-चिराग’, म्हणजे जिथे दिवा लागत नाही असे गाव. दुष्काळ, प्लेग, आटलेल्या विहिरी, पुढे अभयारण्ये आणि धरणे, अशा अनेक कारणांनी गावे बेचिराख झाली. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ६ लाख ४० हजार गावांपैकी त्रेचाळीस हजारांच्या आसपास गावे निर्जन म्हणून नोंदली आहेत. त्यांतील काही केवळ शिवारे आहेत, तिथे कधी वस्तीच नव्हती, हे खरे. तरी उरलेल्यांत कुणाचे तरी घर होते.

आमच्या घरची गोष्ट सांगतो. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती. त्यामुळे वऱ्हाड-नागपुराकडील पुष्कळ मराठी माणसे शिक्षक, कारकून, ओव्हरसियर म्हणून निमाड, होशंगाबाद, जबलपूर या भागांत गेली. आमचे आजोबा असेच हरसूदला शिक्षक होते. तेथून त्यांनी वर्ध्याला धाडलेली कार्डे आमच्या आजीने तारेला टोचून ठेवली होती. प्रत्येक कार्डावर काळ्या शाईचा गोल शिक्का, त्यात हरसूदचे नाव आणि तारीख. मजकूर नेहमीचाच : प्रकृती ठीक, पगार झाला, तूर बरी आहे, मुलांस आशीर्वाद. लहानपणी आम्हांस त्यात काही विशेष वाटले नाही.

ते हरसूद आता नाही. नर्मदेवरील इंदिरा सागर धरणाची पायाभरणी २३ ऑक्टोबर १९८४ रोजी श्रीमती इंदिरा गांधींच्या हस्ते झाली. सप्टेंबर १९८९ मध्ये हरसूदला विस्थापनाविरुद्ध मोठा मेळावा भरला, त्यात बाबा आमटेही होते. तरीही २००४ च्या पावसाळ्यात गाव उठले. लोकांनी आपलीच घरे आपल्या हातांनी पाडून दारे, चौकटी, कौले गाड्यांवर लादली. छनेऱ्याजवळ नवे हरसूद वसले. लोहमार्गसुद्धा वळवावा लागला. १८७० साली मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारा जो मार्ग पुरा झाला, त्याचाच तो एक तुकडा. त्या जलाशयाखाली हरसूदबरोबर सुमारे अडीचशे खेड्यांची जमीन गेली, कुठे पूर्ण तर कुठे अंशतः.

शहराला निदान नवे नाव-गाव मिळाले. खेड्यांचे तसे झाले नाही. खेड्यातील शाखा डाकघर म्हणजे काही इमारत नव्हे. गावातीलच एखादा शेतकरी, दुकानदार किंवा शिक्षक आपल्या घराच्या ओसरीवर ते चालवी. एक तराजू, एक शिक्का, तिकिटांची डबी, हिशेबाची वही, एवढाच त्याचा संसार. गाव उठले की हे साहित्य वरच्या डाकघरात जमा होते, शिल्लक रकमेचा मेळ बसतो आणि एका आदेशाने डाकघर बंद किंवा दुसरीकडे वर्ग होते. हिशेब चोख राहतो. परंतु कोणाचे घर कोठे गेले, याची वही कोणी ठेवत नाही.

याचा अनुभव आम्हांस २००६ च्या सुमारास आला. आम्ही ज्या कार्यालयात होतो, तेथून एका मृत चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्याच्या पत्नीस कुटुंब निवृत्तिवेतनासंबंधीचे पत्र रजिस्टरने गेले होते. पत्ता बुडितातील एका खेड्याचा. पत्र परत आले. पाकिटावर शेरा : ‘पत्ता न देता गेले.’ आम्ही त्याखाली ‘नस्तीबद्ध करावे’ असे लिहून सही केली. नियमाप्रमाणे त्यात काही चूक नव्हती. दुसऱ्या दिवशी जावक विभागातील एक वयस्क कारकून ती फाईल घेऊन आमच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “साहेब, बाई कुठे जाणार? गावच पाण्यात गेलंय.” आम्हांस त्या सहीची लाज वाटली, आणि अजून वाटते.

मग शोध सुरू झाला. महसूल कचेरीकडे वाटप केलेल्या भूखंडांची यादी होती, पण त्या यादीत या बाईंचे नाव नव्हते. मोबदला दिराच्या नावावर निघाला होता. अखेरीस त्या खेड्याच्या डाकघराचे पूर्वीचे शाखा डाकपाल सापडले. ते स्वतः विस्थापित, मुलाकडे राहत होते. आम्ही त्यांना पत्र टाकले, त्यांचे चार ओळींचे हिंदी कार्ड आले. बाई अमुक गावी लेकीकडे आहेत, दृष्टी मंद झाली आहे, पैसे हातात द्यावेत. आणि न विचारता पुढे आणखी अकरा कुटुंबांची नावे व नवे ठिकाण लिहिलेले होते. ज्याने वीस-पंचवीस वर्षे प्रत्येक दारात मनिऑर्डर पोचवली आणि निरक्षरांची पत्रे वाचून दाखविली, त्याच्या स्मरणात अख्खे गाव शाबूत होते. बाईंना त्यांचे पैसे मिळाले, परंतु अकरा महिने उशिराने.

तेव्हापासून आम्ही अशी गावे शोधू लागलो. रीत सोपी आहे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशांवर डाकघर असलेल्या गावाजवळ ‘पी. ओ.’ अशी अक्षरे असतात, तारघरही असेल तर ‘पी. टी. ओ.’. जनगणनेच्या जुन्या जिल्हा पुस्तिकांत प्रत्येक गावापुढे शाळा, विहीर, रस्ता यांबरोबर टपालाचीही नोंद असते. १९६१ किंवा १९७१ ची पुस्तिका आणि २०११ ची पुस्तिका शेजारी ठेवली की गळालेली नावे दिसू लागतात. तिसरा पुरावा म्हणजे जुन्या पत्रांवरील शिक्के. आणि चौथा, सर्वांत नाशिवंत पुरावा, म्हणजे माणसे.

कोणी विचारील, पिनकोड असताना गाव हरवेल कसे? १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत पंडित मराठी अधिकाऱ्याने घडविली, याचा आपणां सर्वांस सार्थ अभिमान आहे. त्यातील पहिले तीन अंक वर्गवारीचा जिल्हा दाखवितात आणि शेवटचे तीन वाटप करणारे डाकघर. पण एका अंकाखाली अनेक शाखा डाकघरे आणि कित्येक खेडी असतात. त्यांतील एक गेले तरी अंक तसाच राहतो. नाव मात्र मुकाट्याने गळते.

हे दुःख एकट्या निमाडचे नाही. कोयनेच्या शिवसागरात गेलेल्या गावांची माणसे ठाणे, सोलापूर आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यांत विखुरली. गोव्यात गानतपस्विनी मोगूबाईंचे कुर्डी साळावली धरणात बुडाले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की तेथील लोक देवळाच्या जागी जमतात आणि पावसाळ्यापूर्वी परततात.

आता आमची विनंती. आपण पत्त्यावर ‘मु. पो.’ लिहितो, मुक्काम आणि पोस्ट. आपल्या मंडळाच्या पन्नास वर्षांच्या सभासद-नोंदवहीत मूळ गावाचा रकाना आहे, तो आम्ही गेल्या महिन्यात पाहिला. पुष्कळ ठिकाणी फक्त जिल्हा लिहिला आहे. काही रकाने कोरे आहेत. हा रकाना या वर्षी आपण भरू या. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा लिहावा. गाव उठले असेल तर कोणत्या साली उठले आणि माणसे कोठे गेली, तेही लिहावे. तारेवरची जुनी पत्रे रद्दीत घालण्यापूर्वी शिक्के तेवढे वाचावेत. हे काम वर्षभराचे आहे, खर्च एका वहीचा.

आमच्या रकान्यात आम्ही आजोबांचे ‘हरसूद (जुने)’ लिहून ठेवले आहे. त्या शाखा डाकपालांनी कळविलेली अकरा नावेही आमच्याजवळ आहेत. त्यांतील नऊ कुटुंबांना आम्ही पत्रे पाठविली, ती पोचली. दोन परत आली. ती पाकिटे आम्ही फाईलबंद केलेली नाहीत, टेबलावर ठेवली आहेत. निमाडकडे कोणाचे जाणे-येणे असेल त्यांनी सभेनंतर आम्हांस अवश्य भेटावे.