पगारदाराचा खर्च आणि आयकर
(गणेशोत्सवात सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी करसल्लागार नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला इंजिनीअर आहे. पण रिटर्न भरायचे दिवस आले की कार्यालयात एक प्रश्न हमखास निघतो. "साइटवर जायला पेट्रोल माझे, टॉर्च माझी, बूट माझे. हा खर्च करातून वजा होत नाही का?"

उत्तर सरळ आहे: होत नाही. दुकानदार किंवा ठेकेदार धंद्याचा खर्च उत्पन्नातून वजा करतो. पगारदाराला तशी मुभा नाही. इंग्लंडमध्ये नोकरदार गणवेशाची धुलाई, अवजारे यांच्यासाठी करात सवलत मागू शकतो. आपल्याकडे त्याऐवजी सरसकट एक ठोक रक्कम मिळते, ती म्हणजे प्रमाणित वजावट, अर्थात स्टँडर्ड डिडक्शन. तिला पावती लागत नाही. ही वजावट 1974 च्या वित्त कायद्याने आली, 2005 च्या कायद्याने गेली आणि 2018 मध्ये 40,000 रुपये होऊन परत आली. मात्र तेव्हा वाहतूक भत्ता आणि वैद्यकीय बिलांची सूट काढून घेतली गेली. 2019 मध्ये ती 50,000 झाली. 2024 मध्ये नव्या करप्रणालीत 75,000 झाली, जुन्या प्रणालीत 50,000 च राहिली.

मग आपल्या हाती काय उरते? उरतो तो भत्ता. खिशातून केलेला खर्च वजा होत नाही, पण कामासाठी मिळालेला भत्ता जेवढा त्या कामावर खर्च झाला तेवढा करमुक्त असतो. दौऱ्याचा, बदलीचा आणि मुख्यालयाबाहेरचा दैनिक भत्ता दोन्ही प्रणालींत यात येतो. गणवेश भत्त्याची सूट मात्र फक्त जुन्या प्रणालीत. घर ते कार्यालय हा रोजचा प्रवास यात धरत नाहीत. आपल्या रनिंग स्टाफच्या भत्त्यालाही जुन्या प्रणालीतच सूट आहे. 1961 च्या कायद्याखाली ती 70 टक्के, पण महिन्याला जास्तीत जास्त 10,000 रुपये अशी होती. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा कायदा लागू झाला, कलमांचे आकडे बदलले, पण भत्त्याचे मूळ तत्त्व तेच राहिले.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की टीए जर्नल वेळेवर भरा. झांशीहून ललितपूर किंवा बांद्याला कामावर गेलात तर निघाल्याची आणि परतल्याची वेळ त्याच दिवशी लिहा. बाहेर सहा तासांपर्यंत असाल तर 30 टक्के, बारा तासांपर्यंत 70 टक्के आणि त्यापुढे पूर्ण दैनिक भत्ता, असा हिशेब आहे. "शे-दोनशे रुपयांसाठी कोण कागद काळे करणार" असे म्हणून आपले लोक हक्काचे पैसे सोडतात आणि पुढे तेच जुलैत खोट्या मार्गाने कर वाचवायला निघतात.

हा खोटा मार्ग म्हणजे परताव्याच्या टक्केवारीवर काम करणारा एजंट. तो न दिलेली देणगी, न भरलेले घरभाडे रिटर्नमध्ये दाखवतो आणि परतावा आणून देतो. आपण खूश! पण 14 जुलै 2025 रोजी आयकर खात्याने अशाच दाव्यांसाठी देशभर 150 ठिकाणी तपासणी केली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे 40,000 करदात्यांनी 1,045 कोटींचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतले होते. खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाले तर बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड लागू शकतो. एजंट टक्केवारी घेऊन मोकळा होतो, नोटीस येते ती आपल्या नावाने. सरकारी नोकराला तर खात्यातही तोंड दाखवायचे असते.

तेव्हा दोन्ही प्रणालींत कर किती बसतो हे दरवर्षी स्वतः कागदावर मांडून पाहा आणि मगच प्रणाली निवडा. अडले तर माझ्याकडे या. जेवढे मला कळते तेवढे जरूर सांगेन.

गणपती बाप्पा मोरया!